जुन्या मोटारीचे मागचे दिवे

मुंबईच्या ज्या पिढीनें काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून शाळा, कचेऱ्या आणि लग्नकार्यें गांठलीं, तिला प्रीमियर पद्मिनी या गाडीची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची ही भारतीय वंशज. १९६४ सालीं 'फियाट ११०० डिलाइट' या नांवानें ती येथें बनूं लागली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंतील टॅक्सी म्हणून तिचें आयुष्य संपलें. तरी हौसेनें जतन केलेल्या पद्मिनी अद्याप कित्येक घरांच्या दारांत उभ्या आहेत. अशा गाडीचा मालक इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, रंगाची चकाकी रोज न्याहाळतो. मागच्या दिव्यांकडे मात्र त्याचें लक्ष क्वचितच जातें. कारण उघड आहे. ज्याच्या गाडीला हे दिवे असतात, त्याला ते दिसत नाहींत. आणि ज्याला ते दिसावयास हवेत, तो परका मनुष्य असतो.

या परक्या मनुष्याचा विचार आधीं करावयास हवा. पावसाळ्याची रात्र आहे, घाटांत धुकें उतरलें आहे, आणि मागून एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगानें येत आहे. ती दर सेकंदाला सुमारें १७ मीटर अंतर कापते. पुढें गाडी आहे हें ध्यानांत येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी तेवढ्यांत ती २५ मीटर जवळ आलेली असते. म्हणजे पुढील गाडीचा लाल दिवा त्याला जितका लौकर दिसेल, तितकें दोघांच्याहि जिवाला रक्षण.

आतां दिवा बिघडतो कसा तें पाहूं. घरांतील दिव्याकडे दोन तारा जातात. एकीनें वीज येते, दुसरीनें परत जाते. मोटारींत सामान्यतः दिव्याकडे येणारी तार तेवढी असते. परतीचें काम गाडीचें लोखंडी अंगच करतें. पद्मिनींत बॅटरीचें ऋण टोंक या अंगाला जोडलेलें असतें. कारागीर या जोडणीला 'अर्थ' म्हणतात. नव्या गाडींत ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु चाळीस-पन्नास पावसाळे सोसलेल्या गाडींत दिव्याची बैठक, तिचे स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्यें गंज बसतो. गंजांतून वीज सुखासुखीं जात नाहीं. पुष्कळदां गाडीला नवा रंग दिल्यावरच दिवे मंदावतात, त्याचेंहि कारण हेंच. रंगाचा थर विजेची परतीची वाट अडवून बसलेला असतो. दिव्याला मिळणारा दाब १२ टक्क्यांनीं उतरला, तरी प्रकाश सुमारें एक तृतीयांशानें घटतो. मालक अशा वेळीं बल्ब बदलतो, तोहि मंद लागतो, आणि मग तो बॅटरीला दोष देतो.

शोधास प्रारंभ निरीक्षणानें करावा. दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील, तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज किंवा बटण यांत असतो. एकाच बाजूचा गेला असेल, तर बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचा अर्थ तपासावा. नुसता ब्रेकचाच दिवा दोन्हीकडे लागत नसेल, तर ब्रेकच्या स्विचवर संशय घ्यावा. मात्र कित्येक गाड्यांत किल्ली फिरविल्यावांचून ब्रेकचा दिवा लागतच नाहीं, हें विसरूं नये.

नंतर बल्ब काढून पाहावा. पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बांत दोन तंतु असतात. त्यावर २१/५ असे आंकडे आढळतात. ५ वॅटचा तंतु रात्रीच्या दिव्याचा, २१ वॅटचा ब्रेकचा. बल्बाच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम खालीं-वर ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसूं नये. जबरीनें उलटा बसविल्यास रात्रभर ब्रेकचा तंतु जळत राहतो आणि प्रत्यक्ष ब्रेक दाबल्यावर मागच्यास धड खूण मिळत नाहीं.

बल्ब शाबूत असूनहि प्रकाश नसेल, तर दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा लहानसा दिवा घ्यावा. गाडीचे दिवे चालू ठेवून त्याची एक तार घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला व दुसरी होल्डरच्या आंतील टोंकाला लावावी. तो लख्ख पेटला, तर वीज तेथवर पोंचत आहे. दोष परतीच्या वाटेंत आहे. खात्रीसाठीं बॅटरीच्या ऋण टोंकापासून एक लांब तार आणून होल्डरच्या धातूच्या अंगास टेकवावी. मंद दिवा तत्काळ उजळला, कीं निदान झालें. मग बॅटरीची जोडणी सोडून बैठक व पत्रा कांचकागदानें चकाकेपर्यंत घासावा, स्क्रू घट्ट आवळावे, आणि ओल शिरूं नये म्हणून वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा.

कधीं कधीं हा दोष चमत्कारिक रूप घेतो. ब्रेक दाबला कीं दोन्हीकडचे रात्रीचे दिवे मिणमिणतात, किंवा वळणाचा दिवा उघडझांप करूं लागला कीं त्याच्या शेजारचाहि करतो. यांत भुताटकी कांहीं नाहीं. मोरीचें तोंड तुंबलें म्हणजे पाणी जसें शेजारच्या अंगणांतून वाट काढतें, तशी परतीची वाट अडलेली वीज दुसऱ्या तंतूंतून उलटी शिरते आणि पलीकडच्या दिव्याच्या अर्थानें परत जाते.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्यावर सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळण्याची जुनी युक्ति प्राणघातक आहे. फ्यूज उडतो याचा अर्थ कोठें तरी तारेचें आवरण झिजून ती पत्र्याला चिकटत आहे. बहुधा डिकीच्या कडेला किंवा पत्र्याच्या भोंकांतून जेथें तार जाते, तेथें हें घडतें. फ्यूज उडेनासा केला म्हणजे त्याच्या जागीं तार जळूं लागते. आणि पेट्रोलची टांकी तेथून फार दूर नसते.

दुरुस्ती झाल्यावर घरांतील कोणास तरी गाडीच्या मागें दहा पावलांवर उभें करावें आणि अंधारांत एकेक दिवा लावून, ब्रेक दाबून पाहावा. मालकाला स्वतःला जें दिसत नाहीं, तें दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहून घेणें एवढाच यावर उपाय आहे. महिन्यांतून पांच मिनिटें यासाठीं पुरतात. गाडीचा अर्थ नीट सांभाळला, तर पुढचा अनर्थ टळतो.