किट कारमध्ये इंजिनाची जागा आणि ग्राउंड क्लिअरन्स

किट कार म्हणजे नळ्यांची चासी बांधून, तयार गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली गाडी. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनने १९५७ पासून ही कल्पना रुजवली. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने त्याच घाटाची १.८ एस रोडस्टर बनवली. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते, तेच अँबॅसडरमध्येही येत असे. अशा गाड्यांत नेहमीचा पेच हा की इंजिन उंच सेडानमधले आणि गाडी मात्र बुटकी. इंजिन किती उंचीवर ठेवायचे आणि किती मागे ठेवायचे, हे दोन प्रश्न एकत्रच का सोडवावे लागतात ते या पाठात पाहू.

१. काय मोजायचे?

इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना असलेल्या गाडीत सर्वांत खाली बहुधा ऑइल संप असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘चेंबर’ म्हणतात. चासीची नळी आपटली तर ती चेमटते आणि गाडी पुढे जाते. चेंबर फुटला तर ऑइल वाहून जाते, दाब पडतो आणि थोड्याच वेळात बेअरिंग जळून इंजिन जाम होते. म्हणून क्लिअरन्स चेंबरखालीच मोजावा. तोही माणसे बसवून आणि टाकी भरून.

त्यातून सस्पेन्शनचा दबाव वजा करावा. उदा. उभ्या गाडीत १४० मिमी अंतर आहे आणि बंप स्टॉपपर्यंत पुढचे सस्पेन्शन ६० मिमी दबते. मग चेंबर पुढच्या अक्षाजवळ असेल, तर हिशेबात धरायचा क्लिअरन्स ८० मिमी.

२. गतिरोधकाचे गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोलाकार गतिरोधकाची त्रिज्या १७ मी., रुंदी ३.७ मी. आणि उंची १० सेंमी असते. आपल्या गाडीचा व्हीलबेस २.२५ मी. धरू. चारही चाके या उंचवट्यावर असताना, पुढच्या अक्षापासून ‘क्ष’ अंतरावर रस्ता गाडीच्या पोटाकडे किती वर येतो?

वर येणे = क्ष × (ल − क्ष) ÷ (२ × र)

येथे ल = व्हीलबेस, र = त्रिज्या.

क्ष = ०.३ मी. : सुमारे १७ मिमी
क्ष = ०.६ मी. : सुमारे २९ मिमी
मधोमध (१.१२५ मी.) : सुमारे ३७ मिमी

म्हणजे १० सेंमी उंचीचा नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ८० मिमीच्या गाडीलाही अडवत नाही. अडवतो तो वस्तीत सिमेंट ओतून केलेला अरुंद उंचवटा. वाराणसीच्या गल्ल्यांत असे उंचवटे पावलोपावली भेटतात आणि इतर शहरांतही ते काही कमी नाहीत. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, त्यामुळे १०० मिमीचा उंचवटा पुरे १०० मिमी मागतो.

अक्षाजवळचा भाग मात्र थोडा वाचतो, कारण तेथे चाकच उंचवट्यावर चढलेले असते. चाकाची त्रिज्या ३०० मिमी आणि अरुंद उंचवटा १०० मिमी असेल, तर चाक पुन्हा रस्त्यावर टेकते तेव्हा उंचवटा अक्षामागे √(३००² − २००²) ≈ २२४ मिमीवर असतो. हे चाकाचे ‘संरक्षण’ एवढ्याच अंतरापुरते आहे.

३. इंजिन मागे सरकवले तर

गाडीचे वजन ७५० किलो आणि इंजिन-गिअरबॉक्सचे १५० किलो धरा. इंजिन १०० मिमी मागे घेतले तर गाडीचा गुरुत्वमध्य १५० × १०० ÷ ७५० = २० मिमी मागे जातो, म्हणजे सुमारे ०.९ टक्के वजन मागच्या चाकांवर येते. वळणासाठी हे चांगले. पण त्याच १०० मिमीत चेंबर चाकाच्या संरक्षणाबाहेर जाऊ शकतो आणि गोलाकार गतिरोधकावरही अधिक वाईट जागी येतो. म्हणून चेंबरचा खोलगट भाग इंजिनाच्या पुढच्या टोकाला आहे की मागच्या, हे इंजिन निवडतानाच पाहावे.

४. इंजिन वर उचलले तर

५० मिमी उचलल्यास गुरुत्वमध्य १५० × ५० ÷ ७५० = १० मिमी वर जातो. तो आधी ४५० मिमीवर असेल तर वळणावरचे एकूण भारस्थलांतर सुमारे २ टक्के वाढते. फुटलेल्या इंजिनापुढे ही किंमत लहान आहे. खरी अडचण बॉनेटची आणि प्रोपेलर शाफ्टच्या कोनाची असते. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही समांतर उचलावेत, नाहीतर युनिव्हर्सल जॉइंटचे कोन बिघडून थरथर सुरू होते.

दुसरा उपाय म्हणजे चेंबर उथळ व रुंद करणे. त्यात वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो, म्हणून आत आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात. शिवाय फ्लायव्हीलचे आवरण जिथे सर्वांत खाली येते, त्याच्या वर चेंबर नेऊन फायदा नाही.

आपल्या उदाहरणात चेंबर २० मिमी उथळ केला आणि इंजिन ३० मिमी उचलले, तर ८० चे १३० मिमी होतात आणि गुरुत्वमध्य जेमतेम ६ मिमी चढतो. चेंबरखालची संरक्षक पत्री घासण्यापासून वाचवते. पण तिची जाडी आणि तिच्यावरची मोकळी जागा या १३० मधूनच जाते.

स्वाध्याय

१. व्हीलबेस २.६ मी. असल्यास आयआरसी गतिरोधकावर मधोमध रस्ता किती वर येईल? (उत्तर: सुमारे ५० मिमी)

२. तुमच्या कॉलेजच्या वाटेवरच्या सर्वांत वाईट गतिरोधकाची उंची व रुंदी मोजा आणि वरच्या गाडीचा चेंबर त्यावरून सुटतो का ते दाखवा.