कागदाचे घटनास्थळ : थोमास डेमांड यांची रचित छायाचित्रे

छायाचित्र म्हणजे पुरावा, ही समजूत वृत्तपत्रे, पोलीस तपास आणि न्यायालये यांनी मिळून गेल्या शतकभरात इतकी घट्ट केली आहे की तिच्यामागचा हिशेब सहसा कोणी तपासत नाही. कॅमेऱ्यासमोर एखादी वस्तू खरोखर होती म्हणूनच तिची प्रतिमा उमटली, असा तो साधा हिशेब आहे. म्युनिक येथे १९६४ साली जन्मलेले जर्मन कलावंत थोमास डेमांड यांनी तो अक्षरशः पाळूनच त्यातली मेख दाखवून दिली. वृत्तपत्रातून किंवा एखाद्या संग्रहातून ते एक छायाचित्र निवडतात, त्यात दिसणारी खोली, दालन किंवा अंगण रंगीत कागद आणि पुठ्ठा यांतून बहुधा मूळ आकारातच उभे करतात, मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा लावून त्या उभारणीचे छायाचित्र घेतात आणि काम झाल्यावर ती मोडून टाकतात. म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे होते तेच त्याने टिपले. फक्त जे होते ते कागदाचे होते.

या प्रकाराला रचित छायाचित्रण म्हणता येईल. जगात आपोआप घडणारे दृश्य हेरून टिपण्याऐवजी कॅमेऱ्यासाठी मुद्दाम उभारलेले दृश्य टिपणे, हा त्याचा ढोबळ अर्थ. कॅनडाचे जेफ वॉल यांच्यासारखे कलावंत त्यासाठी माणसांना भूमिका देऊन चित्रपटासारखे प्रसंग बसवतात. डेमांड यांच्या छायाचित्रांत मात्र माणूस नसतो आणि अक्षरेही जवळपास नसतात. बाटल्यांवरची लेबले कोरी असतात, टेलिफोनवर आकडे नसतात आणि कागदपत्रांवर मजकुराची एक ओळही नसते.

या पद्धतीचे मूळ शिल्पकलेत आहे. म्युनिकच्या कला अकादमीत सुरुवात करून १९८९ मध्ये डेमांड ड्यूसेलडॉर्फच्या अकादमीत फ्रिट्झ श्वेगलर यांच्या शिल्पकलेच्या वर्गात दाखल झाले. त्याच संस्थेत बेर्न्ड बेखर यांचा छायाचित्रणाचा वर्ग होता आणि पत्नी हिला यांच्याबरोबर त्यांनी घडवलेल्या परंपरेतून आन्द्रेआस गुर्स्की, थोमास रुफ, थोमास श्ट्रूट आणि कांडिडा ह्योफर हे पुढे जगभर गाजलेले विद्यार्थी बाहेर पडले होते. भव्य आकाराची, निर्मनुष्य, थंड डोक्याने टिपलेली छायाचित्रे पाहून डेमांड यांनाही अनेकदा त्याच पंगतीत बसवले जाते, पण ते त्या वर्गातले नव्हते आणि हा फरक निव्वळ तांत्रिक समजण्याचे कारण नाही. बेखर परंपरा जगात आधीपासून असलेल्या वस्तूंची शिस्तशीर नोंद करते. डेमांड आधी वस्तू घडवतात.

विद्यार्थिदशेत ते कागदाची अल्पायुषी शिल्पे करीत आणि ती टिकणारी नसल्यामुळे त्यांची छायाचित्रे काढून ठेवीत. अशा नोंदीत एक अडचण येते. डोळ्यांना प्रमाणबद्ध वाटणारे शिल्प भिंगातून वेगळेच दिसते आणि छायाचित्रात ते नीट दिसावे म्हणून शिल्पातच फेरफार करावे लागतात. या अडचणीतून वाट काढताना १९९३ पासून ते केवळ छायाचित्रासाठीच उभारणी करू लागले आणि नोंद हीच कलाकृती झाली. १९९४ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत पुढच्या तीन दशकांची दिशा ठरून गेली होती. त्याच वर्षीच्या ‘राउम’ म्हणजे ‘खोली’ या कृतीत एक उद्ध्वस्त दालन दिसते. २० जुलै १९४४ रोजी जर्मन लष्करी अधिकारी श्टाउफेनबेर्ग यांनी हिटलरच्या पूर्व प्रशियातील मुख्यालयात बॉम्ब ठेवला, त्या स्फोटानंतरच्या छायाचित्रावर ते आधारलेले आहे.

डेमांड यांची रीत समजून घ्यायला १९९५ चे ‘ब्यूरो’, म्हणजे ‘कार्यालय’, हे छायाचित्र सर्वांत सोयीचे आहे. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याने आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवून कागदपत्रांचे डोंगर रचले होते. राजवट कोसळत असताना जानेवारी १९९० मध्ये संतप्त जमाव त्या खात्याच्या बर्लिनमधील मुख्यालयात घुसला आणि तेथील खोल्यांची वृत्तछायाचित्रे जगभर छापली गेली. डेमांड यांच्या चित्रात टेबलावर आणि जमिनीवर कागदांचा खच पडला आहे, पण एकाही कागदावर काही लिहिलेले नाही. टेबल, खुर्ची, भिंत हे सारे कागदाचे सोंग आहे. विखुरलेले कागद तेवढे खरे आहेत, कारण कागदाची कागदात केलेली प्रतिकृती ही प्रतिकृती राहतच नाही. हेरगिरीच्या यंत्रणेचे सगळे बळ ज्या मजकुरात होते तोच पुसला गेल्यामुळे खोलीत उरतो तो नुसता पसारा. हा विचार चित्रात कोठेही बोलून दाखवलेला नाही. तो साहित्याच्या निवडीतच मुरलेला आहे.

‘बाडेत्सिमर’ म्हणजे ‘न्हाणीघर’ हे १९९७ चे चित्र याहून थेट बातमीच्या वाटेने जाते. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचे मुख्यमंत्री उवे बार्शेल यांना विरोधी उमेदवाराविरुद्ध केलेल्या कारस्थानांच्या आरोपावरून पद सोडावे लागले आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये जिनिव्हातील एका हॉटेलच्या न्हाणीघरात ते मृतावस्थेत सापडले. ‘श्टेर्न’ या साप्ताहिकाच्या पत्रकाराने घेतलेले टबातील मृतदेहाचे छायाचित्र एका अख्ख्या जर्मन पिढीच्या स्मरणात रुतून बसले, आणि ती आत्महत्या होती की खून, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. डेमांड यांच्या चित्रात टब आहे, पाणी आहे, फरश्या आहेत, दुमडलेले पायपुसणे आहे, मृतदेह नाही. दार आणि फरश्या यांच्या कडा जरा जास्तच नेटक्या आहेत, पाण्यावर जिवंतपणा नाही, आणि कोठेही डाग, ओरखडा किंवा धूळ नाही. पहिल्या नजरेला खरी वाटलेली जागा दुसऱ्या नजरेला उसवू लागते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बार्शेल हे नाव ज्याने कधी ऐकले नाही, त्या प्रेक्षकाला या चित्रात एक स्वच्छ न्हाणीघर दिसेल, यापलीकडे काय? डेमांड शीर्षके मुद्दाम कोरडी ठेवतात, घटनेचा उल्लेख टाळतात, आणि मग चित्राचे निम्मे वजन बाहेरून, समीक्षकाच्या टिपणातून येते. सद्दाम हुसेन यांच्या लपण्याच्या जागेतील स्वयंपाकघरावरचे २००४ चे ‘किचन’ हे चित्र खरोखरच या माहितीवाचून लंगडे पडते. याउलट ‘कंट्रोल रूम’ हे २०११ चे चित्र पाहताना ती फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातील सोडून द्यावी लागलेली नियंत्रण खोली आहे हे ठाऊक नसले, तरी लोंबणारे छताचे तक्ते आणि गप्प पडलेली उपकरणे पाहून काहीतरी भलतेच घडून गेले आहे हे कळते. डेमांड यांची सगळी कामे सारख्या ताकदीची नाहीत, आणि जेथे जागा स्वतःच बोलते तेथेच ती सरस ठरतात, असे म्हणणे भाग आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००५ मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यानंतर विषय अधिक धारदार झाले. २००६ च्या ‘क्लाउजे’ या पाच छायाचित्रांच्या मालिकेत जर्मनीतील झारब्र्युकन शहराच्या एका मद्यालयाचे कोपरे आहेत. २००१ मध्ये बेपत्ता झालेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात त्या जागेचे नाव गाजले होते. मुलाचा शोध कधीच लागला नाही आणि मालिकेच्या पुढच्याच वर्षी न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. पाहणाऱ्याच्या मनाने मात्र कागदी भिंतींत गुन्हा आधीच शोधून काढलेला असतो. २००७ च्या ‘यलोकेक’ मालिकेचा विषय रोममधील नायजर देशाचा दूतावास होता. इराकने नायजरकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे दाखवणाऱ्या बनावट कागदपत्रांचा धागा तेथील एका चोरीशी जोडला जातो. या जागेची छायाचित्रे वृत्तसंस्थांकडे उपलब्ध नसल्यामुळे डेमांड स्वतः आत जाऊन ती पाहून आले. खोट्या कागदांमुळे गाजलेली खोली कागदाचीच असावी, यात विनोद आहे, पण तो हसू आणणारा नाही.

श्रमाच्या बाजूने पाहता ‘लिख्टुंग’ हे २००३ चे छायाचित्र वेगळे उठून दिसते. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे जंगल दाखवण्यासाठी कागदाची सुमारे २,७०,००० पाने हाताने तयार करण्यात आली आणि जवळपास ५ मीटर रुंदीचे हे चित्र व्हेनिसच्या बिएनालेमध्ये, खऱ्या झाडांच्या बागेत, मांडले गेले. एरवी उभारणी नष्ट करणाऱ्या डेमांड यांनी २००६ च्या ‘ग्रोटे’ या चित्रासाठी रचलेली गुहा मात्र जपून ठेवली. मायोर्का बेटावरील एका गुहेच्या पोस्टकार्डावरून सुचलेली, संगणकाने आखून कापलेल्या पुठ्ठ्याच्या असंख्य थरांनी बनलेली ती उभारणी संदर्भासाठी गोळा केलेल्या चित्रांसह मिलानच्या प्रादा फाउंडेशनमध्ये पाहायला मिळते. ती पाहिल्यावर छायाचित्राचे गूढ कमी होते की वाढते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२००९ मध्ये बर्लिनच्या नोये नॅशनलगॅलरीत, मीस फान डेर रोहे यांनी बांधलेल्या काचेच्या दालनात, जर्मनीशी संबंधित चित्रांचेच प्रदर्शन भरले. ते वर्ष संघराज्याच्या स्थापनेचे साठावे आणि बर्लिनची भिंत कोसळल्याचे विसावे होते. चित्रांसोबत लेखक बोथो श्ट्राउस यांचा मजकूर होता, पण त्यानेही घटनांचा उलगडा करण्याचे टाळले. राष्ट्राचा इतिहास मांडायचा आणि त्याची किल्ली द्यायची नाही, हा हट्ट तेथे सर्वांत ठळकपणे दिसला.

पुढच्या काळात कागदाला हालचाल मिळाली. वादळात सापडलेल्या प्रवासी जहाजातील खुर्च्या आणि टेबले एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घसरत जातात, अशी सुरक्षा कॅमेऱ्याची चित्रफीत इंटरनेटवर गाजली होती. तिच्यावरून २०१२ मध्ये ‘पॅसिफिक सन’ ही सुमारे १०० सेकंदांची फिल्म तयार झाली. प्रत्येक वस्तू किंचित हलवून एकेक चौकट टिपण्याच्या पद्धतीमुळे त्यासाठी जवळपास २,४०० चौकटी लागल्या. मूळ चित्रफितीत जीव वाचवायला धडपडणारी माणसे होती. फिल्ममध्ये फक्त सामान धडपडते.

याच सुमारास ‘द डेलीज’ या मालिकेत त्यांनी इतिहासाचे ओझे बाजूला ठेवले. रस्त्यात सहज दिसणाऱ्या क्षुल्लक गोष्टी, जसे जाळीत अडकवून ठेवलेले प्लास्टिकचे पेले, या छोट्या चित्रांत येतात. त्यांच्या छपाईसाठी डाय ट्रान्सफर ही जुनी पद्धत वापरली आहे, जिच्यात तीन मूळ रंगांचे द्रव रंग वेगवेगळ्या जिलेटिनच्या साच्यांतून एकावर एक कागदात उतरवले जातात. लागणारे साहित्य बनवणे कोडॅकने १९९० च्या दशकातच थांबवले होते. लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत त्यांना जॉन लॉटनर या वास्तुविशारदाचे जीर्ण नमुने सापडले आणि २०११ च्या ‘मॉडेल स्टडीज’मध्ये त्यांनी प्रथमच दुसऱ्याने घडवलेल्या वस्तू टिपल्या. त्याच वर्षापासून ते हांबुर्गच्या कला विद्यापीठात शिकवू लागले. विषय अर्थातच शिल्पकला.

आता तर कागदाच्या आकारांची प्रत्यक्ष इमारत झाली आहे. डेन्मार्कमधील एबेल्टॉफ्ट येथे क्वाड्राट या कापड कंपनीच्या आवारात कारुसो सेंट जॉन या लंडनच्या वास्तुविशारदांसह डेमांड यांनी तीन जोडलेले मंडप उभारले. त्यांचे आकार कागदी ताट, वहीचा दुमडलेला ताव आणि उपाहारगृहातील नोकराची कागदी टोपी यांवरून घेतलेले आहेत. ‘ट्रिपल फॉली’ नावाची ही वास्तू कंपनीच्या बैठका आणि कार्यक्रमांसाठी वापरली जाते, तिच्यात माणसे वावरतात, आणि छायाचित्र काढून झाल्यावर ती पाडण्याचा कोणाचाही बेत नाही.