पाहुणा आणि यजमान

मिशनरी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे परमुलखात आयुष्य घालविलेला आणि तेथील भाषेत ग्रंथरचना करणारा विद्वान उभा राहतो. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स हे त्याचे ठळक उदाहरण. मॉर्मन पंथाचा मिशनरी या चित्रात बसत नाही. तो बहुधा मिसरूड नुकते फुटलेला तरुण असतो. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सोबत तसाच एक जोडीदार. कोणत्या देशी जायचे हे तो स्वतः ठरवीत नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील मुख्यालयातून तशी आज्ञा येते. मुदत दोन वर्षांची. वेतन नाही, उलट खर्चाचा भार त्याने व त्याच्या घरच्यांनीच उचलायचा. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभाही एरवी वर्षातून दोनदाच असे. तरुणीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. आज असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी जगभर हिंडत आहेत. १८५२ साली त्यांचा एक पूर्वसूरी, ह्यू फिंडले, मुंबईस उतरला होता आणि पुढे पुण्यासही गेला; परंतु ते कार्य काही वर्षांतच मावळले.

उत्तर पदरी बांधूनच आलेला माणूस दुसऱ्याचे ऐकून तरी कशाला घेईल, असा आक्षेप या प्रकारावर घेतला जातो. तो निराधार नाही. धर्मांतर हाच ज्याचा हेतू, त्याच्या स्नेहात हिशेब असणारच. तथापि भाषा न येणारा मुलगा परमुलखात उपदेशक होण्यापूर्वी पाहुणा असतो. रस्ता, अन्न, शब्द हे सारे त्याला यजमानाकडूनच घ्यावे लागते.

पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांचा पुतण्या जोसेफ एफ. स्मिथ १८५४ साली हवाई बेटांवर गेला तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. वडिलांना १८४४ मध्ये जमावाने ठार केले होते. आई १८५२ मध्ये वारली होती. तेथे हा पोरका मुलगा आजारी पडला, तेव्हा एका हवाई स्त्रीने पोटच्या मुलासारखी त्याची शुश्रूषा केली. तो हवाई भाषा शिकला आणि तेथील लोक त्याला ‘इओसेपा’ म्हणू लागले. पुढे १९०१ मध्ये तो पंथाचा अध्यक्ष झाला. कित्येक वर्षांनी तो पुन्हा हवाईला गेला असता, दृष्टी गेलेली ती वृद्धा केळी घेऊन त्याला भेटावयास आली, आणि सर्वांदेखत त्याने तिला आई म्हणून मिठी मारली.

ही कथा मॉर्मन मंडळी अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तिला एक जोडकथा आहे, ती इतकी सुखद नाही. पंथाच्या मंदिराजवळ राहावे या श्रद्धेने काही हवाई कुटुंबे सॉल्ट लेक सिटीस आली. मिशनऱ्यांना ज्यांनी घरात घेतले, त्यांचेच हे भाईबंद. गोऱ्या धर्मबंधूंना मात्र त्यांचा शेजार रुचला नाही, कामही मिळेना. अखेर १८८९ मध्ये पंथाने त्यांना शहरापासून दूर, ‘स्कल व्हॅली’ म्हणजे कवटीचे खोरे या नावाच्या ओसाड प्रदेशात वसविले. गावाला नाव दिले इओसेपा! समुद्राकाठी वाढलेल्या या लोकांनी बर्फ, दुष्काळ आणि कुष्ठरोगही सोसून तेथे शेती केली. हवाईतच मंदिर बांधण्याचे १९१५ मध्ये जाहीर झाल्यावर ते परतू लागले, आणि १९१७ पर्यंत गाव ओस पडले.

आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना तर या पंथात १९७८ पर्यंत पौरोहित्याचा अधिकारच नव्हता. तरीही घाना व नायजेरियात पंथाची पुस्तके वाचून लोकांनी आपापल्या मंडळ्या स्थापिल्या आणि मिशनरी पाठवा म्हणून ते सॉल्ट लेक सिटीला वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे मंदिर उभे राहत होते. पण त्या संमिश्र वंशाच्या देशात आत कोणाला घ्यावे आणि कोणाला नाही, हे ठरविणार कसे? जून १९७८ मध्ये निर्बंध उठला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिशनरी पश्चिम आफ्रिकेत पोहोचले, तेव्हा तेथे शिष्य शोधत हिंडण्याची गरज नव्हती. ते आधीच वाट पाहत बसलेले होते.

इओसेपाच्या जागी आज वस्ती नाही; स्मशानभूमी तेवढी आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, अमेरिकेतील स्मृतिदिनाच्या सुमारास, युटातील पॉलिनेशियन कुटुंबे त्या माळरानावर जमतात, थडगी झाडून त्यांवर फुलांच्या माळा वाहतात आणि मग सर्वजण एकत्र जेवतात.