घरातील पाळीव कुत्रा आणि शाळकरी मूल : चावा लपवला जाऊ नये म्हणून

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की त्याचे नाव ठेवण्याचा मान बहुधा मुलांना मिळतो. त्याच दिवशी त्यांच्याकडे आणखी एक काम सोपवावे : पिल्लाचे लसीकरण कार्ड सांभाळण्याचे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीज प्रतिबंधक लस द्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्यानुसार वेळच्या वेळी द्याव्यात. पुढची तारीख मुलाने स्वतः दिनदर्शिकेवर लिहावी. प्राणी पाळण्यातील जबाबदारी उपदेशापेक्षा अशा कामातून अधिक उमगते.

कुत्रा खात किंवा झोपलेला असताना, कुत्री पिल्लांना पाजत असताना त्यांना हात लावू नये, हे मुलांना आपण सांगतोच. अनोळखी कुत्रा जवळ आल्यास पळू नये, स्तब्ध उभे राहावे, हेही सांगावे.

खरी अडचण निराळी आहे. मुले चावा लपवतात. आईबाबा रागावतील, सुई टोचतील किंवा लाडक्या कुत्र्याला घराबाहेर काढतील, अशी भीती त्यांना वाटते. रेबीजची लक्षणे दिसण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर लहानसा ओरखडा विस्मरणात जातो. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून "चावले, ओरबाडले किंवा जखमेवर चाटले, तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही," असे मुलाला आधीच सांगून ठेवावे आणि प्रसंग आल्यावर खरोखरच रागावू नये.

मुलाने सांगताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी जवळचे आरोग्य केंद्र वा रुग्णालय गाठावे. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावयाची असते. रक्त आले असल्यास लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पहिल्या दिवशी धावत येणारे पालक जखम भरली की शेवटच्या मात्रेला येत नाहीत, असे वारंवार घडते. परीक्षा असली तरी ती मात्रा चुकवू नये.

मांजराच्या चाव्यालाही हेच लागू आहे. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे, या भरवशावर दवाखान्यात जाणे लांबवू नये. मात्र मुलाने जपलेले ते कार्ड सोबत न्यावे, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.