22 पोळ्या, डाळ, तूप आणि तरीही स्कर्व्ही

परभणीहून बोलतोय. जुन्या सैनिकांचं जेवण घरी करून बघायचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. त्यात बहुतेक वेळा गोऱ्या शिपायाचं दगडासारखं बिस्किट आणि डब्यातलं मांस असतं. आज आपल्या माणसांचं ताट लावूया.

पहिलं महायुद्ध, आजचा इराक. पुण्याच्या नावाची 6 वी डिव्हिजन तिथं लढत होती. तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांनी या फौजेला कुत-अल-अमारा गावात घेरलं. वेढा जवळपास पाच महिने चालला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. ही शरणागती उपासमारीनं झाली.

वेढ्याआधी हिंदी शिपायाचं रोजचं रेशन साधारण असं: दीड पौंड आटा, 4 औंस डाळ, 2 औंस तूप, थोडा गूळ, मीठ, हळद, मिरची. वजनकाटा काढा. आटा 680 ग्रॅम, म्हणजे 30 ग्रॅमची एक धरली तर 22 पोळ्या! डाळ 113 ग्रॅम, तूप 57 ग्रॅम. हे तिन्ही मिळून 3,000 कॅलरीच्या वर जातं. दिवसभर खंदक खणणाऱ्याला चालेल, लॅपटॉपसमोर बसणाऱ्यानं पाव हिश्शात करा. डाळ घट्ट शिजवायची, वरून तूप, शेवटी गुळाचा खडा. चव एकदम घरची.

आता गंमत बघा. या ताटात क जीवनसत्त्व जवळपास शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवा, पण एक कॉलम पूर्ण रिकामा. वेढ्यात ताजी भाजी संपली आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, म्हणजे हिरड्या सुजणं, रक्त येणं, जखमा न भरणं. गोरे शिपाई घोड्याचं मांस खात होते, त्यात थोडं क जीवनसत्त्व असतं, म्हणून ते यातून वाचले. पण त्यांना बेरीबेरी झाला, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा. आपल्या आट्यात कोंडा होता, त्यामुळं आपली माणसं बेरीबेरीतून सुटली. पुढं मैदा संपला, गोऱ्यांनाही आटा आणि जवाचं पीठ खावं लागलं, आणि त्यांचा बेरीबेरी कमी झाला. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन ताटं आणि दोन वेगळे आजार!

काही लोक म्हणतात, शिपायांनी हट्टानं घोडा खाल्ला नाही. मला हे पटत नाही. गावी परतल्यावर जातीतून बाहेर टाकतील, पोरीचं लग्न अडेल, ही भीती खरी होती. धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी कित्येक महिने बहुतेकांनी हात लावला नाही. एप्रिलमध्ये पुष्कळांनी खाल्लं, तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं.

यावरचा उपाय आपल्या फडताळातच होता. 1917 मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी फौजेच्या रेशनसाठी मोड आलेलं कडधान्य सुचवलं. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं, मोड येताना ते तयार होतं. पण अडचण अशी की डाळ म्हणजे फोडलेला दाणा, त्याला मोड येत नाहीत. अख्खे मूग, मटकी किंवा मसूरच हवेत. पोत्यात डाळीऐवजी अख्खं धान्य पाठवायचं, बस एवढाच बदल.

तर ताट पूर्ण करा. मूठभर मटकी रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. आपल्या उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, जास्त ठेवली तर आंबूस वास मारते. फोडणीत लसूण, हळद, तिखट घाला. कुकरला अजिबात लावू नका, जास्त उकळलं की क जीवनसत्त्व जातं. झाकण ठेवून दहा मिनिटं, दाणा दाताखाली लागला पाहिजे. आणि हो, वेढ्यातलं शेवटचं, काही औंस पिठाचं रेशन रीलसाठी कुणी करून बघू नका.