वारसा आणि विधिलिखित
आजीला स्तनाचा कर्करोग झाला, आत्यालाही झाला. मग आपले काय, ही शंका काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या वस्तीला असते. बहुतेक कर्करोग वारशाने येत नाहीत. परंतु १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी अशा वारशाचे एक मूळ १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवून दिले. तेथील 'बीआरसीए-१' या जनुकातील दोष पित्याकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. तो असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, सर्वांना नव्हे. रक्ततपासणी धोका सांगते, विधिलिखित नव्हे. आणि तिचे उत्तर बहिणीच्या, लेकीच्या दारीही पोहोचते. म्हणून तपासणीपूर्वी समुपदेशकाचा सल्ला अगत्याचा. दोष कळल्यास वेळीच सावध होता येते. तो जाणून घ्यावा की नाही, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.