‘गावी जा’ हा कोणता न्याय?

मंदी आली, गिरणी बंद पडली, की परळ-लालबागच्या चाळीतील माणसास शहाणी मंडळी एकच उपदेश करितात : ‘तुला गाव आहे, गावी जा.’ उपदेश करणे सोपे आहे; परंतु गावी भाकर पुरती, तर हा मनुष्य मुंबईस आलाच कशाला असता, याचा विचार कोणी करीत नाही.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीचेच उदाहरण घ्या. दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सरकारी सारा, खोताचा वाटा व सावकाराचे व्याज मात्र त्या मानाने उतरले नाही. रत्नागिरीच्या कुळाने व साताऱ्याच्या कुणब्याने मुलगा गिरणीत धाडला, तो चैनीकरिता नव्हे. त्याच्या मनीऑर्डरीतून हे देणे भागावे म्हणून. इकडे गिरणीमालकांनी माणसे कमी केली, मजुरी कापली, आणि १९३४ च्या एप्रिलात सार्वत्रिक संप झाला. अशा वेळी गावी जाऊन त्याने करावे काय? खोती मोडण्याचे बिल डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात आणिले. कायदा होण्यास १९४९ साल उजाडले.

१९३१ साली रॉयल कमिशनने कामगाराचे गावाशी असलेले नाते राखावे अशी शिफारस केली. बेकारीच्या विम्याची देशव्यापी योजना मात्र त्यास व्यवहार्य वाटली नाही. म्हणजे गिरणीच्या तोट्यास जामीन कोण, तर गावाकडील म्हातारीचे वीतभर शेत! संमतीवाचून तिसऱ्यास जामीन धरण्याची ही रीत आमच्या वाचनातील कोणत्याही कायद्यात बसत नाही. तथापि १९८२ च्या संपानंतर तोच जामीन पुढे करण्यात आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजूर मुंबईहून पायी निघाले तेव्हाही तोच.

कोणी म्हणतील, हा भार व्यापारास सोसणार नाही. गिरगाव-दादरच्या व्यापारी बंधूंस आमचे विचारणे इतकेच, की संपाच्या दिवसांत गिरणगावातील बिऱ्हाडे कोणाच्या उधारीवर जगली? कोपऱ्यावरच्या वाण्याच्याच ना? एकट्या वाण्याने आपल्या वहीवर जो भार घेतला, तो मालक व सरकार यांनी मिळून घेणे अशक्य कसे?

आमची मागणी मोठी नाही. बदली असो वा कंत्राटी, प्रत्येक मजुराचे नाव पहिल्या दिवसापासून पटावर यावे. बरकतीच्या दिवसांत मालकाने व सरकारने त्याच्या नावे काही रक्कम बाजूस टाकावी. आणि तो जेथे राबतो तेथेच त्यास शिधा मिळावा. ज्याच्या घामावर मुंबईने धन जोडिले, त्याच्या आपत्काळाचा वाटाही मुंबईनेच उचलला पाहिजे.